या राज्याच्या कायद्याने

"उजवा हात वर करा."

नोकरीभर हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की निवृत्त होऊनही ते तोंडातून जात नाही. परवा बिस्किटांचा डबा रिकामा सापडला तेव्हा नातवाला म्हटलं, "कर हात वर आणि खरं सांग." त्याने लगेच केला, पण डावा. म्हणे, "आजी, प्रॉमिस राइट हँडचं असतं, लेफ्टचं काउंट होत नाही." घ्या! कोर्टात काढलेली सगळी वर्षं पोराने एका वाक्यात पाण्यात घातली.

मी ओहायोत, तिथल्या डब्लिन शहराजवळच्या एका काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यात, प्रोबेट कोर्टाच्या काउंटरवर बसत असे. कोणती काऊंटी ते विचारू नका, माणसं अजून आहेत तिथे. आपल्या मंडळाच्या अंकात डॉक्टर लिहितात, कंपन्या काढलेले लिहितात. यंदा अंकवाल्या मुलींनी मला धरलं. म्हटलं, अगं बायांनो, माझं शिक्षण अकरावीपर्यंत. इंग्रजी शिकले ते लायब्ररीतल्या लहान मुलांच्या पुस्तकांवरून आणि दुपारच्या रडक्या मालिकांवरून. कोर्टात लागले तीही फायली लावायला. तर म्हणाल्या, काकू, बोलता तसं लिहा. आता बोलायला लागले की मी थांबत नाही हे त्यांना माहीत नाही असं कसं म्हणू, गणपतीच्या मीटिंगा सगळ्यांनी सोसल्यात.

तर प्रोबेट कोर्ट. माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र तिथे येतं, आणि माणसाला लग्न करायचं असलं की तोही तिथेच येतो. एकच लांब काउंटर. डावीकडे काळे कपडे, उजवीकडे फुलं. एक विधुर गृहस्थ बायकोच्या इस्टेटीच्या कामाला डावीकडे यायचे. वर्षाच्या आत ते लाजत लाजत उजवीकडे उभे. शेजारी एक गोड बाई. कुठे ओळख झाली म्हणून विचारलं तर म्हणाले, "इथेच. तुमच्या रांगेत. तिचा नवरा, माझी बायको." मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

माझी बाजू उजवी, लायसन्सची. लग्न लावणं हे आमचं काम नव्हे. लग्न जज लावतात, पाद्री लावतात, सरकारकडे नाव नोंदवलेले आपले गुरुजी लावतात. आम्ही द्यायची ती परवानगी. आणि ती आधी घ्यायची. आधी कागद, मग लग्न. कागद नसला तर तुम्ही सप्तपदी चाला नाहीतर सत्तरपदी, ओहायोच्या लेखी तुम्ही दोघं बिनलग्नाचेच.

आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथे अडतं. आपल्याकडे आधी लग्न, मग सवडीने रजिस्टर. ते डोक्यात इतकं पक्कं, की इथे जन्म गेलेल्यांच्याही डोक्यातून जात नाही. हॉल ठरतो, केटरर ठरतो, पुण्याहून पैठण्या येतात, न्यू जर्सीहून सनईवाला येतो. आणि लायसन्स? "ते काय, नंतर करू." असे किती आईबाप अंगाला हळदीचा वास घेऊन शुक्रवारी ऑफिस बंद होताना धापा टाकत आले. "काकू, प्लीज, उद्या मुहूर्त आहे!" काही तर लग्न उरकून आले, आल्बमसकट. त्यांना समजावायचं म्हणजे वैताग. जावईबापूंना आठवडाभर घरी ठेवून घेतलेलं असतं, आणि मी सांगायचं की तुमची मुलगी अजून कुमारी आहे.

कागदावर काय असतं? नाव, गाव, जन्मतारीख, आधीचं लग्न असलं तर ते मोडल्याचा पुरावा. ते झालं की मी उभी राहायची. बसून शपथ द्यायची नाही, हे मला डोनाने शिकवलं. "उजवा हात वर करा. दिलेली माहिती खरी आहे, तुम्ही रक्ताच्या जवळच्या नात्यातले नाही, आणि तुमच्यापैकी कुणाचंही सध्या लग्न झालेलं नाही, अशी शपथ घेता?"

खरं सांगते, हसतखिदळत आलेली पोरं हात वर गेला की गप्प होतात. च्युइंगगम चघळणारा जबडा थांबतो. एक आजीबाई आल्या होत्या, नवरदेव आजोबा चाकाच्या खुर्चीत. आजीबाईंचा हात खांद्याच्या वर जाईना. आजोबांनी खालून त्यांचं कोपर धरलं आणि उचलून दिलं. मी शपथ नेहमीपेक्षा सावकाश म्हटली. साधं सरकारी काउंटर, पाठीमागे कॉपी मशीन घरघरतंय, आणि समोर देवळात यावं तसं काहीतरी. मला त्याचं नवल शेवटच्या दिवसापर्यंत वाटत राहिलं.

आता डोना. मी लागले तेव्हा ती तिथे, लायसन्सच्याच कामावर, आधीपासून होती. शेतकऱ्याघरची, उंच, गोरी, रविवारी चर्चमध्ये गाणारी. मला मंदाकिनी म्हणता येत नाही म्हणून मंडा म्हणायची. पहिल्या आठवड्यात माझी साडी बघून म्हणाली, "हनी, ती फायलींच्या कपाटात अडकेल." आणि खरंच अडकली. तिनेच कात्री आणली, पण पदर कापला नाही. कपाटाचे स्क्रू काढले.

डोना खोटं बोलत नसे. म्हणजे आपण सगळेच म्हणतो तसं नव्हे. जजसाहेब एखाद्या चिवट वकिलाला टाळायला म्हणायचे, "सांग मी नाहीये." ती फोनवर सांगायची, "ते आहेत, पण तुमच्याशी बोलायचं नाहीये त्यांना." जजसाहेब डोक्याला हात लावायचे. एकदा नव्या हेअरकटबद्दल मी तिचं मत विचारलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

माझ्या गणपतीच्या दिवशी माझी बाजू ती सांभाळायची, तिच्या गुड फ्रायडेला मी. "तुझ्या हत्तीला माझा नमस्कार सांग," म्हणायची. मी सांगायचीही.

मग सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला, की दोन पुरुष किंवा दोन बायका लग्न करू शकतात, सगळ्या देशात. सकाळी बातमी आली आणि दुपारी जोडपी दारात. आमच्या फॉर्मवर अजून वर आणि वधू असेच रकाने. पहिलेच आले ते दोन म्हातारे गृहस्थ, टाय लावून. कुठल्या रकान्यात कोण, म्हणून माझ्यासमोर नाणं उडवलं. हरलेला म्हणाला, "आईला माझ्याकडून हीच अपेक्षा होती." मग हात वर करायच्या आधी त्याने मला विचारलं, "मॅडम, हे सगळ्यांना म्हणता तेच शब्द आहेत ना?"

"तेच."

"आमच्यासाठी वेगळे केलेले नाहीत?"

"एक अक्षर नाही."

त्याने हात वर केला. मी पाटीवरच्या मुळाक्षरांसारखे शब्द एकेक करून म्हटले. एका सकाळी देश एवढा बदलू शकतो, आणि तो बदल माझ्यासारख्या अकरावी पास बाईच्या तोंडून बाहेर पडतो!

डोना तेव्हा मागे फायलींच्या खोलीत होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी जजसाहेबांनी आम्हा तिघींना आत बोलावलं. मी, डोना आणि आमच्यातली धाकटी, केली नावाची. डोनाने स्वतःच सांगितलं, "जज, त्या कागदावर माझं नाव गेलं की मी देवासमोर म्हटलं की हे लग्न मी होऊ दिलं. मला ते जमणार नाही." आवाज चढवला नाही, कुणाला वाईट म्हटलं नाही.

जजसाहेब पंचाईतीत पडले. त्यांनी कायदा सांगितला, तो मला कळला तसा सांगते. नोकरी करणाऱ्याच्या श्रद्धेला जमेल तेवढी जागा करून देणं हे साहेबाचं काम. आणि दारात आलेल्या जोडप्याला परत न पाठवणं हेही साहेबाचंच काम. दुसऱ्या ठिकाणी यावरून नकार झाले, खटले झाले, टीव्हीवर रोज भांडणं. जजसाहेब म्हणाले, "दोन्ही गोष्टी एका खोलीत मावतात तोवर मी मावू देईन. तू सही करू नकोस, या दोघी करतील. पण डोना, ज्या दिवशी एक जोडपं इथून परत जाईल, त्या दिवशी तुला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

"समजलं," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळले. "मंडा, तुझ्या धर्माची काही हरकत?"

एवढ्या वर्षांत माझ्या धर्माला तिथे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. म्हटलं, "साहेब, आमच्यात एकच असा कुणी नाही ज्याला विचारता येईल. नणंदेला विचारून सांगते." जजसाहेबांना वाटलं, नणंद कुणीतरी धर्मगुरू आहे. तसं फार चुकलंही नाही.

आमची पद्धत बसली ती अशी. डोनाच्या बाजूला असं जोडपं आलं की ती हसून "गुड मॉर्निंग" म्हणायची आणि आपला कॉफीचा कप काउंटरवर उजवीकडून डावीकडे सरकवायची. बस्स. मी उठून तिच्या जागी जायची, ती कॉपी मशीनकडे. समोरच्यांना वाटायचं, बायकांची ड्युटी बदलली. कुणाला काही बोचत नव्हतं. मला तिचं म्हणणं पटलं होतं का? नाही. आजही नाही. पण साडीसाठी स्क्रू काढणारी बाई होती ती. मी कपासाठी उठू शकत होते.

आता नणंद आणते. आमच्या वन्सं, डॉक्टर कुमुद. नागपूरच्या. इथे बाळंतपणं करण्यात जन्म घालवलेल्या, अर्धी काऊंटी त्यांच्या हातावर जन्मली. यजमान गेले, प्रॅक्टिस सोडली, आवाज मात्र लेबर रूममधला राहिला. त्यांची एकुलती एक ईशा, माझी भाची. तिने जेव्हा सांगितलं की मेगनशी लग्न करायचंय, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस टीव्ही लागला नाही. वन्संकडे मात्र अर्ध्या तासात सगळं संपलं. मला फोन आला, "मंदा, मुलीला गाडी चालवता येते, पोळ्या येत नाहीत. पण ईशालाही येत नाहीत, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? लग्न मात्र रीतसर व्हायला हवं. मंगलाष्टकं, अंतरपाट, सगळं."

गुरुजी शोधायला लागल्या. एक म्हणाले, पाठ धरलीय. दुसरे म्हणाले, "त्या दिवशी मुहूर्त नाही हो."

"कोणत्या दिवशी? मी तारीख अजून सांगितलीच नाही!" वन्सं कडाडल्या.

शेवटी शिकागोहून वर्षाताई आल्या, पुण्यात पौरोहित्य शिकलेल्या. लग्न झालं. दोन्ही मुली नऊवारीत, मधे अंतरपाट. मेगनचे आईवडील दोन्ही मुठीत अक्षता धरून बसलेले, केव्हा टाकायच्या ते न कळून प्रत्येक "सावधान"ला उभे राहणारे. मी रडले. व्हिडिओ आहे.

आणि नंतरच्या मंगळवारी दुपारी कोर्टाचं दार उघडलं आणि वन्सं आत. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, मागे दोघी मुली, कोपरापर्यंत मेंदी.

"मंदा, रजिस्टर करायला आलो!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. झालं होतं काय, लग्नाआधी मी कित्येक आठवडे भारतात होते. मला वाटलं, मी नसताना मुली येऊन लायसन्स घेऊन गेल्या असतील. मुलींना वाटलं, मामीच त्या ऑफिसात, मामीने केलं असेल. आणि वन्सं, ज्यांनी इथे घर बांधलं, टॅक्स भरले, ज्युरीत बसल्या, त्यांच्या डोक्यात अजून नागपूर. आधी लग्न, मग रजिस्टर. लायसन्स नव्हतंच. वर्षाताईंचं नावही या राज्यात नोंदवलेलं नव्हतं. शनिवारी एवढं सगळं झालं आणि कायद्याच्या लेखी काहीच झालेलं नव्हतं.

तिघी डोनाच्या बाजूला उभ्या राहिल्या. डोनाने मुलींचे हातात हात बघितले, "गुड आफ्टरनून" म्हणाली, आणि कप डावीकडे सरकवला.

मी उठले आणि तिथेच थांबले. आमच्या ऑफिसचा जुना नियम, नातेवाइकांचे कागद आपण करायचे नाहीत. हात लावायचा नाही, शपथ द्यायची नाही. मी डोनाच्या कानाशी वाकले. "डोना, ही माझी भाची आहे. मला करता येत नाही."

केली बाळंतपणाच्या रजेवर होती. जजसाहेब आत एका इस्टेटीच्या भांडणात, चार भाऊ आणि सहा वकील, केव्हा उठतील सांगता येत नव्हतं. सही करायला डोना एकटी उरली.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मी बघितला. मुलींना घाई काहीच नव्हती. "कॉम्प्युटर बंद आहे, उद्या या," एवढं म्हटलं असतं तर त्या हसत घरी गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मी जजसाहेबांना मधे घालून काहीतरी केलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. डोनाची नोकरी राहिली असती, तिचा देवही राहिला असता. त्या गुरुजींसारखी एक पाठदुखी, एक 'मुहूर्त नाही', बस्स. मी मनात म्हणत होते, बोल बाई, एकदाच बोल.

डोना खुर्चीतून उठली. दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "मी तुम्हाला खरं सांगते. माझ्या श्रद्धेप्रमाणे मी अशा लायसन्सवर सही करत नाही. दुसरं कुणीतरी करतं. आज दुसरं कुणी नाही. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाहीये, आणि तुम्हाला परतही पाठवायचं नाहीये. मला एक मिनिट द्या."

ईशाचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मेगनने तिचा हात घट्ट धरला. आणि वन्सं पेटल्या.

"एक मिनिट कशाला? तुम्हाला कोण लग्न लावायला सांगतंय? लग्न झालंय! शनिवारी. अग्नीसमोर. मी स्वतः उभी होते."

डोना गोंधळली. "झालंय?"

"मग? तीनशे माणसं जेवून गेली. मी डॉक्टर आहे, बाई. आयुष्यभर जन्माच्या दाखल्यांवर सह्या केल्या. लग्नाच्या पोरांच्या केल्या, बिनलग्नाच्या पोरांच्या केल्या. म्हणून ती सगळी मी जन्माला घातली का? मूल आलं, मी लिहिलं आलं म्हणून. तुम्ही तेवढंच करा."

"वन्सं, हळू," मी मराठीत म्हटलं. डावीकडच्या रांगेतली शोकाकुल मंडळीही वळून बघत होती.

पण डोना काही बाहुली नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचा दाखला मुलानंतर येतो. माझा लग्नाच्या आधी. मी दिल्याशिवाय लग्न होत नाही."

"तुमच्यात होत नसेल. आमच्यात झालं."

डोनाने मुलींकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुमच्या धर्माप्रमाणे ते पूर्ण झालं? काही राहिलं नाही?"

ईशा म्हणाली, "इट्स डन. नथिंग लेफ्ट."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

उत्तर मेगनने दिलं. "ही कधी हॉस्पिटलमध्ये असेल आणि मी धावत जाईन, तेव्हा दारात मला कुणी विचारू नये, तू कोण."

कॉपी मशीन थांबलं होतं. डोनाने डोळे मिटले. प्रार्थना करत होती की विचार, मला माहीत नाही. मी तिच्यामागे उभी, माझ्या हातून काही होण्यासारखं नव्हतं. एका बाजूला माझी भाची, दुसऱ्या बाजूला ती.

मग तिने खुर्ची मागे सारली, आयडी घेतले, टाइप करायला लागली. नाव, गाव, जन्मतारीख. जन्मस्थळाला ईशाने जवळचं हॉस्पिटल सांगितलं, तर वन्सं म्हणाल्या, "तीन नंबरची खोली." डोनाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

कागद तयार झाला. ती शपथेसाठी उभी राहिली आणि मला पेच दिसला. कारण मला पुढचे शब्द पाठ होते. "तुमच्यापैकी कुणाचंही सध्या लग्न झालेलं नाही." वन्सं शेजारी उभ्या, अग्नी, अक्षता, तीनशे माणसं. मुलींनी काय म्हणायचं? नाही म्हणाल्या तर आईच्या तोंडावर शनिवार पुसायचा. हो म्हणाल्या तर लायसन्स नाही. आणि डोनाला, जी फोनवरही खोटं सांगत नाही, तिला दोन मुलींकडून देवाच्या नावाने खोटं वदवून घ्यावं लागणार.

"उजवा हात वर करा."

दोन मेंदीचे हात वर गेले. डोना थांबली. हे तिलाही दिसलं होतं. मग तिने एकेक शब्द नीट ठेवत म्हटलं, "दिलेली माहिती खरी आहे, तुम्ही रक्ताच्या जवळच्या नात्यातल्या नाही, आणि *या राज्याच्या कायद्याने* तुमच्यापैकी कुणाचंही सध्या लग्न झालेलं नाही, अशी शपथ घेता?"

हे तीन शब्द तिने घातले. कुठेही लिहिलेले नव्हते. ज्या लग्नाला ती लग्न मानत नव्हती, त्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती तिने कुंपण घातलं. वन्सं, ज्यांना मी आयुष्यात कधी गप्प झालेलं पाहिलं नाही, त्या गप्प झाल्या.

"घेते," ईशा म्हणाली. "घेते," मेगन म्हणाली.

डोनाने सही केली. तिचं अक्षर नेहमीसारखंच, गोल आणि ठाम.

चार भावांचं भांडण मिटेना तेव्हा जजसाहेबांनी मधली सुट्टी घेतली आणि त्या सुट्टीत मुलींचं कायद्याचं लग्न लावलं. आम्ही सगळे आत गेलो. डोना आली नाही, काउंटरवरच थांबली. बाहेर आल्यावर वन्संनी न बोलता डबा तिच्यापुढे उघडला. तिने एक लाडू घेतला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. खाल्ला की नाही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.

मला वाटलं, आता कप हलणार नाही. पुढच्याच आठवड्यात दोन तरुण मुलगे आले आणि कप डावीकडे सरकला. मी उठले. संध्याकाळी गाडीपाशी तिला विचारलं, मग त्या दिवशी सही कशी केलीस?

"मंडा, मी बदलले नाही," ती म्हणाली. "त्या मुलींचं लग्न त्यांच्या देवाने लावून झालं होतं. मी देवाला एवढंच सांगू शकले, की मी खोटं बोलले नाही आणि त्यांनाही बोलायला लावलं नाही. रोज इतकं स्वच्छ नसतं."

कप सरकत राहिला, ती निवृत्त होईपर्यंत. तिच्या निरोपाच्या केकसमोर जजसाहेब म्हणाले, या काउंटरवरून कधी कुणी परत गेलं नाही. डोना माझ्याकडे बघत होती. मी केकचा तुकडा तोंडात घातला, म्हणजे त्या मंगळवारबद्दल बोलायला नको. पण एक मात्र झालं होतं. ते तीन शब्द तिने सोडले नाहीत. तिच्या बाजूला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ती तसंच म्हणायची. तिचं ऐकून मी म्हणायला लागले, केलीही.

गेल्या उन्हाळ्यात मंडळातल्या एका काकूंच्या मुलाचं लायसन्स काढायला मी सोबत गेले होते. लग्नाच्या आधी बरं का, कान धरून नेलं. काउंटरवर सगळे चेहरे नवे. एका कोवळ्या मुलीने दोघांना उभं केलं, स्वतः उभी राहिली, आणि म्हणाली, "उजवा हात वर करा." आणि पुढे, "या राज्याच्या कायद्याने तुमच्यापैकी कुणाचंही..."

आपला मुलगा चिकित्सक, सॉफ्टवेअरवाला. त्याने विचारलं, "या राज्याच्या कायद्याने, असं का?"

मुलगी म्हणाली, "माहीत नाही. आम्ही नेहमी असंच म्हणतो."

माझा उजवा हात नकळत अर्धा वर गेला होता, तो मी खाली घेतला.

पार्किंगमध्ये येऊन डोनाला फोन लावला. आता तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने सांगावं लागलं.

"अजून म्हणतात?"

"अजून म्हणतात."

"चांगलं आहे," डोना म्हणाली. "आई शेजारी उभी असताना तिच्या विरुद्ध शपथ कुणाला घ्यायला लागू नये."